गेनोलेची दोन मरणं

माझी भाची सोएझिक हिचा नवरा गेनोले एकाच हिवाळ्यात दोनदा मेला. पहिल्यांदा बुडून, पीक निघाल्यावर माळावर मेंढ्या मोकळ्या सोडतात त्या दिवसांत. दुसऱ्यांदा तापानं, नाताळ होऊन गेल्यावर. दोन्ही वेळा बातमी आणणारा माणूस आमच्याच बेटावरचा, गेनोलेच्याच जहाजावरचा, आणि दोघंही शपथेवर सांगत होते की आम्ही या डोळ्यांनी पाहिलं.

मी बार्बा, सोएझिकच्या आईची थोरली बहीण. बहीण लवकर गेली, म्हणून पोरीला मीच वाढवली. माझा नवरा समुद्रानं नेला, दीरही नेला, त्यामुळे अशा बातम्या कशा येतात ते मला कुणी सांगायला नको. फ्रान्सच्या पश्चिम टोकापुढच्या आमच्या एउसा बेटावर शेत बायका खणतात, मेंढ्या बायका राखतात, झाडं नाहीत म्हणून चुलीसाठी माळावरची गवताची ढेकळं बायकाच काढून वाळवतात. पुरुष जहाजावर. मग एखाद्या संध्याकाळी खिडकीच्या काचेवर कुणीतरी नखानं हळूच टकटक करतं. चांगल्या बातमीचा माणूस दाराशी येऊन बोंबलतो. खिडकीवर फक्त ही एकच बातमी येते. बाहेरून आवाज येतो, "पोरी, आज तुझ्या घरी प्रोएला आहे," आणि आतल्या बाईच्या हातातलं काम तिथंच थांबतं.

प्रोएला म्हणजे बुडालेल्या माणसाला घरी आणणं. देह तर मिळत नाही, म्हणून फादर मेणाचा बोटभर क्रूस देतात. तो टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवायचा, दोन मेणबत्त्या लावायच्या, गावानं त्याच्याभोवती रात्र जागवायची आणि सकाळी तो चर्चमध्ये पोचवायचा. पोचवायचा कुणी, तर धर्मपित्यानं. ज्यानं बाप्तिस्म्याला त्या पोराला हातांवर उचललं, त्यानंच शेवटी हा क्रूस उचलायचा. दुसऱ्या कुणी उचलला तर माणूस घरी आला असं आम्ही धरत नाही.

गेनोलेचा धर्मपिता जोब मालगोर्न. माझ्याच वयाचा, लहानपणी माझ्या वेण्या ओढणारा, पुढे चांगला नावाजलेला तांडेल झाला. 'तीन बहिणी' नावाच्या व्यापारी जहाजावर खलाशांचा मुकादम म्हणून गेला तेव्हा गेनोलेलाही सोबत घेऊन गेला. "पोराला डोळ्याआड होऊ देणार नाही," असं सोएझिकला सांगून गेला होता. आफ्रिकेच्या टोकाला, केपच्या पलीकडे, पार खालच्या समुद्रात, ते जहाज खडकावर फुटलं. ही एवढी एक गोष्ट सगळ्यांनी सारखी सांगितली. पुढचं ज्याचं त्याचं वेगळं.

जोब आला तो भर दुपारी, आणि सरळ दाराशी. खिडकीशी गेला नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण त्याची अवस्था बघून मी त्याला बसायला दिलं. दाढी पांढरी झालेली, गाल आत गेलेले. सोएझिककडे न बघता तो चुलीला सांगत असल्यासारखा बोलला.

"जहाज फुटलं. वाळूचं एक बेट होतं, त्यावर कसेबसे चढलो. मग खलाशांनी बंड केलं. कप्तानाला बांधलं, होडी पळवायला निघाले. त्यांच्यात गेनोले होता, पोरी. पुढेच होता. लाटेत होडी उलटली आणि सगळे गेले. मी पाहिलं."

"गेनोलेनं बंड केलं?" सोएझिक म्हणाली. "आमच्या मेंढ्यानं दार अडवलं तर तो त्याला 'जरा बाजूला होतोस का' म्हणून विचारतो."

"समुद्रावर माणूस बदलतो."

"तुम्ही नाही बदललात ते, जोबकाका?"

तो उठून गेला. हीच हकिकत कप्तानानं ब्रेस्टच्या आरमाराच्या कचेरीत सांगितली होती, आणि त्याच्याबरोबर परतलेल्या सगळ्यांनी तिच्यावर शपथ घेतली होती. बंड करणारे बुडून मेले, कप्तान निर्दोष, काम संपलं.

आता राहिली प्रोएला. आणि इथं जोबनं चालढकल सुरू केली. आधी म्हणाला, कचेरीचा शिक्का येऊ दे. शिक्का आला तेव्हा म्हणाला, गुडघा धरलाय. मग म्हणे यंदाचं मेण चांगलं नाही. एके दिवशी मी त्याला गाठलाच.

"जोब, क्रूस काय गुडघ्यानं उचलतात?"

"बार्बा, माझ्या मागे लागू नकोस."

"मी नाही लागणार तर कोण लागणार? पोरगी ना धड बायको, ना धड विधवा. तिला एकदा मोकळेपणी रडू तरी दे."

तो बंदराकडे निघून गेला, आणि गुडघा धरलेल्या माणसाच्या मानानं फार भरभर गेला.

खरं सांगायचं तर सोएझिकलाही घाई नव्हती. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आमच्याकडे मुलगीच मुलाला मागणी घालते. खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन त्याच्या घरी जायचं, त्यानं एक घास खाल्ला की होकार. गेनोलेनं अख्खा तुकडा संपवला होता आणि "अजून आहे का?" म्हणून विचारलं होतं. मी तिथं होते, हसून हसून माझी पुरेवाट झाली होती. असा माणूस पुन्हा जेवायला येणार नाही हे तिच्या मनाला पटत नव्हतं, इतकंच. मला मात्र पटलं होतं. मी माझ्याच घरच्या दोन प्रोएला पाहिल्या होत्या आणि मला वाटत होतं की पोरगी स्वतःला फसवते आहे.

नाताळानंतर शेजारच्या मोलेन बेटाची एक मासेमारी होडी आली, आणि तिच्यातल्या जाळ्यांच्या ढिगाखालून यान त्युआल बाहेर पडला. हा गेनोलेचा बरोबरीचा, त्याच जहाजावरचा खलाशी. कप्तानाच्या हिशेबानं बंडखोर आणि बुडून मेलेला. सापडला असता तर ब्रेस्टला फासावरच चढायचा. तो त्याच्या आईच्या माळ्यावर लपला. दिवस मावळायच्या आत साऱ्या बेटाला ही बातमी कळली होती, आणि आठवड्यानं शिपाई विचारत आले तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

त्युआल सोएझिककडे आला तेव्हा ती सलगम चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही.

"वहिनी, बंडबिंड काही झालं नाही," तो म्हणाला. "कप्तान दारू पिऊन तर्र होता. त्यानंच जहाज खडकावर घातलं, आणि स्वतः आपल्या पेट्या घेऊन मोठ्या होडीतून पसार झाला. आम्ही मोडक्या फळ्यांची दुसरी होडी बांधली. पण गेनोलेला ताप भरला. माझ्या मांडीवर गेला बघा. मी माझ्या हातांनी त्याला वाळूत पुरला, वल्ह्यांचा क्रूस केला."

"जोबकाका म्हणतात तो बुडाला."

"तांडेल खोटं बोलतात! एक नंबरचे खोटारडे!"

"बुडाला तर तू पुरलास कुणाला?"

त्युआलनं टोपी डोक्यावर ओढली. मग म्हणाला, "म्हणून तर सांगतोय, बुडाला नाही तो. तापानं गेला." आणि लगबगीनं निघून गेला.

तो गेल्यावर मी सोएझिकच्या पाठीवर हात ठेवला. "बाळ, दोघांतला एक खोटं बोलतोय. म्हणजे दुसरा खरं बोलत असणार. कसं का असेना, गेला तो गेलाच."

"आणि दोघंही खोटं बोलत असतील तर?"

"ते एकमेकांचे वैरी आहेत. एकाचं ऐकलं तर दुसरा फासावर जातो. ते संगनमतानं खोटं कसं बोलतील?"

"तेच म्हणतेय मी, मावशी. जहाज कुणी फोडलं यावर त्यांचं भांडण. होडी कुणी नेली यावर भांडण. बंड झालं का नाही यावर भांडण. फक्त गेनोले मेला एवढ्यावर दोघांचं छान जमतं. का जमतं?"

मी चिडले आणि तिला म्हटलं की तुझं डोकं फिरलंय. तिनं सलगम हंडीत टाकले, शाल घेतली आणि तडक फादरांकडे गेली. परत येऊन म्हणाली, "उद्या प्रोएला. मी सांगून आले. जोबकाकांनाही निरोप धाडलाय."

मी तिला जवळ घेणार होते, पण तिनं मला थांबवलं.

"ऐक, मावशी. जोबकाकांनी क्रूस उचलला की मी मानेन, गेला म्हणून. मग मी रडणार आहे. तेव्हा मला कुणी गप्प करायचं नाही, तूसुद्धा नाही."

"आणि नाही उचलला तर?"

"कचेरीत ते शपथेवर काहीही बोलोत. तो कप्तान नांतचा. त्याला काय ठाऊक, आपल्याकडे मेलेल्याला उचलून आणावं लागतं ते. पण जोबकाकांना ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला खिडकीवर टकटक झाली. इतकी बारीक, की पाखरू चोच मारतंय असं वाटावं. "पोरी," बाहेरून जोबचा आवाज आला, "आज तुझ्या घरी..." पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. सोएझिकनं खिडकी उघडली आणि शांतपणे म्हणाली, "आत या, काका. बाहेर गारठा आहे."

रात्र प्रार्थनेत गेली. सारं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. त्युआलही आला होता, आईची शाल डोक्यावरून ओढून बायकांत बसला होता. त्याच्या हनुवटीवरचे खुंट सगळ्यांना दिसत होते. फादर पाणी शिंपडत त्याच्यापाशी आले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाई, जरा पाय आवर." कुणी हसलं नाही, पण माझ्या शेजारणीचे खांदे बराच वेळ हलत होते.

सकाळी मिरवणुकीचा मोठा क्रूस घेऊन लोक अंगणात उभे राहिले. घंटा वाजायला लागली. टेबलावर पांढऱ्या कापडावर तो मेणाचा क्रूस, एवढासा, पिवळसर. माझ्या नवऱ्याचा अगदी असाच होता. मला तो दिवस आठवला. सोएझिक टेबलाच्या पलीकडे ताठ उभी होती. तिची नजर क्रूसावर नव्हती, जोबच्या हातांवर होती.

"चल, जोब," फादर म्हणाले.

जोब पुढे आला. त्यानं हात पुढे केले. वादळात डोलकाठीच्या टोकावर शीड गुंडाळणारे हात ते. कापडापर्यंत आले आणि थांबले. त्यानं ते मागे घेतले, अंगरख्याला पुसले, पुन्हा पुढे केले. घंटा वाजतच होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, उचल रे बाबा, उचल आणि सोडव पोरीला. आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, म्हणत होते, नको उचलूस.

"मला उचलता येत नाही," जोब म्हणाला.

"अरे, वजन ते काय त्याचं?" फादर हळूच म्हणाले.

"जित्या माणसाचं ओझं आहे ते, फादर. मी कसं उचलू?" आणि तो थोराड माणूस मटकन जमिनीवर बसला.

कुणीतरी बाहेर पळत जाऊन घंटा थांबवायला सांगितलं. सोएझिक टेबलाला वळसा घालून आली, जोबसमोर उकिडवी बसली. "बोला," एवढंच म्हणाली.

"आम्ही निघालो तेव्हा तो जिवंत होता. धडधाकट होता. कप्तानानं मोठी होडी स्वतःसाठी आणि आपल्या पेट्यांसाठी ठेवली. खलाशी चिडले..."

"बघा! म्हणजे बंड झालंच नाही!" बायकांतून त्युआल शाल फेकून उभा राहिला.

"झालं नाही कसं? तू माझ्या गळ्याला सुरी लावलीस, गाढवा!"

"चमचा होता तो!"

"चमच्यानं रक्त येतं होय रे?"

"गप्प!" सोएझिक इतक्या जोरात ओरडली की मेणबत्तीची ज्योत हलली. "बंड कुणी केलं ते तुम्ही म्हातारपणी ठरवा. गेनोले कुठे होता?"

त्युआलनं फेकलेली शाल उचलून घेतली. जोबच बोलला. "मध्ये उभा होता. आमच्या आणि यांच्या मध्ये. त्याच्यामुळे खून पडले नाहीत. दोन होड्या झाल्या, दोन्ही काठोकाठ भरल्या. चार आजारी माणसं उरली, त्यांना उचलून नेणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, तू माझ्या जागी बस. तो म्हणाला, काका, वाट तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच परत येऊ शकाल. मी यांच्याजवळ थांबतो."

"आणि तुम्ही परत गेला नाहीत."

"बंदरात पोचल्यावर कप्तान म्हणाला, तिथं माणसं जिवंत आहेत असं सांगितलं तर विचारतील, त्यांना सोडलं कुणी? आपण सगळे अडकू. मेलेल्याला कुणी फाशी देत नाही, सगळं त्यांच्या नावावर टाकू. मी भ्यालो, पोरी. शपथ घेऊन मोकळा झालो. मग आपलं बेट दिसायला लागलं, आणि तेव्हा मला आठवलं की त्याचा क्रूस मलाच उचलायचाय."

त्युआलला आता हुंदके आवरेनात. "मी निघालो तेव्हा किनाऱ्यावर उभा राहून हात हलवत होता, वहिनी. ताप त्याला नव्हता, आजाऱ्यांना होता. मी म्हटलं होतं परत येतो. पण माझ्याच गळ्याला फास होता. तो जिवंत आहे असं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग तू एकटा कसा आलास? त्याला मी काय सांगणार होतो?"

मला त्या दोघांना तिथंच चुलीतल्या लाकडानं बडवावंसं वाटलं. चुलीत लाकूड नव्हतं म्हणून वाचले. पण सोएझिकच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रात्रभर जागलेली, ओठ पांढरे पडलेले, आणि डोळे मात्र लग्नाच्या दिवशी होते तसे.

"खायला काय आहे तिथं?"

"पक्ष्यांची अंडी. कासवं," जोब म्हणाला.

"पाणी?"

"गेनोलेनं विहीर खणली. मचूळ आहे, पण पिता येतं," त्युआल म्हणाला.

"बेट कुठे आहे ते दाखवाल?"

"मी दाखवीन," दोघं एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे रागानं बघायला लागले.

"अगं, पण सापडला तर बंडखोर म्हणून त्याला फाशी देतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"आधी आणा तर," सोएझिक म्हणाली. "फाशी द्यायचं का जेवायला घालायचं ते मग बघू."

भरती लागायच्या आत फादर, जोब आणि त्युआल ब्रेस्टला निघाले. त्युआल स्वतःच्या पायांनी फासाकडे चालला होता. त्याची आई बंदरावर त्याला शिव्या देत होती आणि खिशात भाकरी कोंबत होती. जोबनं तिच्याकडे बघून टोपी काढली.

कचेरीत काय झालं ते फादरांनी नंतर सांगितलं. अधिकारी म्हणाला, या दोघांच्या जबान्यांत एक वाक्य जुळत नाही, मी विश्वास कशावर ठेवू? फादर म्हणाले, साहेब, जे एरवी वेळकाळावरही भांडतात त्यांचं बेटाच्या जागेवर एकमत आहे, तेवढ्यावर ठेवा. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून नकाशा पुढे केला. दोघांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं. तरीही अधिकारी काचकूच करत होता. पाच खलाशांसाठी एवढं लांब जहाज कोण धाडतो? मग फादर तिथंच बाकावर बसून राहिले आणि रोज बसायला लागले. शेवटी हिंदुस्थानाकडे निघालेल्या एका लढाऊ जहाजाला वाट वाकडी करून तिकडे डोकावण्याचा हुकूम निघाला. जोब वाट दाखवायला गेला. त्युआलला तुरुंगात ठेवलं. कप्तान नांतला नव्या जहाजाची वाट बघत होता, ते त्याला मिळालं नाही.

राहिला तो क्रूस. फादर म्हणाले, माझ्याकडे परत दे. सोएझिक म्हणाली, राहू द्या की. एके दिवशी मी तिच्याकडे गेले तर ती दोरा त्या क्रूसावरून ओढत होती. ओढायची, आणि मेण लागलेल्या दोऱ्यानं सदरा शिवायची.

"अगं ए भवाने! पाप लागेल!"

"चांगलं मेण आहे, मावशी. वाया कशाला घालवू? दोरा कसा मजबूत होतो बघ."

"कुणाचा सदरा हा?"

"कुणाचा असणार? त्याच्या अंगावर आता चिंध्या असतील."

मी फादरांना सांगायला गेले. ते म्हणाले, बार्बा, मला हल्ली कमी ऐकू येतं. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

मेंढ्या मोकळ्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, पिल्लं झाली. सदरा शिवून झाला, मग तिनं दुसरा घेतला. काही बातमी नव्हती. कधी कधी मला रात्री झोप लागायची नाही. वाटायचं, मीच पोरीला खोटी आशा लावू दिली. सकाळी तिच्याकडे जाऊन बघावं तर ती बागेत खणत असायची, आणि मला उगाच हुरूप यायचा. त्या दिवसांत आशा तिच्याकडे होती आणि मी ती तिच्याकडून उसनी घेऊन दिवस काढत होते. क्रूस झिजत झिजत हरभऱ्याएवढा उरला.

मग एके दिवशी, दिवस कलता कलता, आम्ही दोघी ढेकळांच्या निखाऱ्याखाली मांसाची हंडी पुरून बसलो होतो. खिडकीवर टकटक झाली. नखानं, हळूच.

हंडीवरचं फडकं माझ्या हातातून गळून पडलं. ती टकटक मी माझ्या नवऱ्यासाठी ऐकली होती, ती चुकणं शक्य नव्हतं. सोएझिकनं सुई सदऱ्यात टोचली आणि तिथंच बसून राहिली.

"पोरी," बाहेरून जोबचा आवाज आला. घोगरा, थकलेला. "आज तुझ्या घरी..."

थांबला. मला वाटलं मी ओरडेन.

"...आज तुझ्या घरी जेवायला माणसं जास्त आहेत. पुरेल का?"

"मेल्या!" मी किंचाळले. "अरे मुडद्या, मग दाराशी ये ना! खिडकीवर कशाला मरायला आलास?"

"लाज वाटली, बार्बा," बाहेरून उत्तर आलं. "तिच्या दाराशी कोणत्या तोंडानं येऊ?"

दार सोएझिकनंच उघडलं. बाहेर त्युआल उभा होता, आधीपेक्षा बारीक आणि आधीपेक्षा जोरजोरात बोलणारा. कचेरीत गेनोलेनं तिसरीच हकिकत सांगितली, ती या दोघांच्याही हकिकतीशी जुळेना, तेव्हा अधिकाऱ्यानं कपाळावर हात मारून सगळ्यांना घरी हाकललं, असं काहीतरी तो सांगत होता. चार आजाऱ्यांपैकी तिघं जगले होते. त्याच्यामागे जोब, टोपी हातात. आणि दोघांच्या मध्ये, नेहमीसारखा मध्येच, गेनोले. उन्हानं करपलेला, केस खांद्यापर्यंत, पायांत दोन वेगवेगळे बूट. तो सोएझिककडे बघत होता.

सोएझिकनं सदरा उचलला, त्याच्या अंगात चढवून पाहिला. खांदे उतरले होते. हात बाह्यांत बुडून गेले.

"मोठा झाला," ती म्हणाली. "मी तुझ्या आधीच्या मापानं शिवला."

"जेवलो की बसेल," गेनोले म्हणाला. "काय केलंयस?"

आणि मग ती रडली. त्याच्या अंगावरचा तो सदरा दोन्ही मुठींत धरून, तोंड वर करून, एवढ्या मोठ्यानं रडली की शेजारपाजारच्या बायका दारांत आल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. जोब घाबरला. पुढे होऊन म्हणायला लागला, "पोरी, उगी, उगी आता..."

मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढला. "गप्प बस, जोब. तिला कुणी गप्प करायचं नाही. असं ठरलंय आमचं."

आम्ही तिला रडू दिलं. हंडी थोडी करपली, पण सगळ्यांना पुरली.